टेबल, पाट की दस्तरखान? पाहुण्यांच्या जेवणासाठी मांडणी निवडताना

घरी सहा-आठ पाहुणे जेवायला येणार असले की आता स्वयंपाकाच्या बेताबरोबर मांडणीचाही बेत होऊ लागला आहे. एखादा विषय धरून सजवलेली टेबले मोबाइलवर रोज दिसतात: एका रंगाचे कापड, त्याला शोभणाऱ्या ताटल्या, मधोमध फुले, मेणबत्त्या आणि प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी अशा शहरांतल्या घरांतही ही हौस चांगली रुजली आहे आणि तिच्यात वावगे काहीच नाही. अडचण एवढीच आहे, की त्या चित्रांतले जेवण टप्प्याटप्प्याने येते. आपले जेवण मात्र डाव्या-उजव्या बाजूंसह एकाच ताटात येते आणि नंतर "अजून एक घ्या हो" असे म्हणत पुनःपुन्हा वाढले जाते. म्हणून रंगसंगती ठरवण्याआधी ताटात काय असणार आहे आणि ते कोण वाढणार आहे, हे ठरवावे. डायनिंग टेबल, पाटांची पंगत, दस्तरखान (जमिनीवर अंथरलेल्या कापडाभोवतीची बैठक) आणि ज्याने त्याने वाढून घेण्याची पद्धत या चार पर्यायांची पुढील तुलना मुख्यतः याच दोन प्रश्नांच्या आधारे केली आहे.

सजवलेले डायनिंग टेबल

टेबलाचा विचार करताना आधी मोजपट्टी हातात घ्यावी. सहा जणांचे टेबल साधारणपणे पाच फूट लांब आणि तीन फूट, म्हणजे ३६ इंच, रुंद असते. आपले जेवणाचे ताट १२ इंचांचे धरले, तर समोरासमोरच्या दोन ताटांत २४ इंच जातात, दोन्ही कडांना एक-एक इंच सोडावा लागतो आणि मध्ये उरतात फक्त १० इंच. बाजारात मिळणारी टेबलाच्या मधली पट्टी, जिला रनर म्हणतात, बहुधा १२ ते १४ इंच रुंद असते. म्हणजे तिच्या कडा ताटांखाली जाणार आणि वरणाचा पहिला थेंब तिच्यावरच पडणार. उरलेल्या १० इंचांत फुले, पाण्याचा जग, भाकरीची टोपली, भाजीचे पातेले आणि मिठाची कुपी बसवायची असते. ती बसत नाहीत, हे उघड आहे.

यातून दोन मार्ग निघतात. पहिला मार्ग म्हणजे वाढण्याची सगळी भांडी शेजारच्या टेबलावर किंवा ओट्यावर ठेवून घरातल्या कोणीतरी उभे राहून वाढणे; मग मधली जागा सजावटीला मोकळी राहते. दुसरा मार्ग म्हणजे सजावट अगदी कमी ठेवून भांडी मध्ये ठेवणे आणि ती भांडीच देखणी निवडणे. घरात वाढायला मोकळे माणूस असेल तर पहिला मार्ग घ्यावा. नवरा-बायको दोघांनाही पाहुण्यांबरोबरच बसायचे असेल, तर दुसराच व्यवहार्य आहे. मधली सजावट काहीही असली, तरी तिची उंची एका फुटाच्या आत असावी, नाहीतर समोरच्याशी बोलताना माणसाला मान वाकडी करावी लागते. प्रत्येकाला दोन फूट रुंदी मिळावी, हा हिशेबही सोडू नये. पाच फुटांच्या बाजूला दोघे ऐसपैस बसतात. तिसरी खुर्ची सरकवली की भाकरी मोडताना कोपराला कोपर लागतो.

काटे-सुऱ्यांचा थाट आपल्या जेवणाला लागत नाही. एक चमचा पुरे. पेला मात्र चित्रांतल्यासारखा उजवीकडे न ठेवता डावीकडे ठेवावा, कारण जेवताना उजवा हात भरलेला असतो आणि पाणी डाव्या हातानेच उचलावे लागते.

आता हवामानाकडे येऊ, कारण मराठवाड्यात टेबल सजवताना ऋतूच अखेरचा निर्णय देतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेल्यावर पंखा किंवा कूलर बंद ठेवून कोणालाही जेवायला बसवता येत नाही, आणि पंख्याखाली मेणबत्ती टिकत नाही, कागदी रुमाल उडतात, नावाच्या चिठ्ठ्या आमटीत पडतात. ज्योत हवीच असेल तर काचेच्या चिमणीतला दिवा ठेवावा. मोगऱ्याची फुले या दिवसांत स्वस्त आणि सुंदर मिळतात, परंतु त्यांचा वास येसराच्या आमटीच्या वासाशी भांडतो. ती ओवून दारात किंवा बैठकीच्या खोलीत ठेवावीत. टेबलावर मला स्वतःला शेतातली वाळलेली सजावट अधिक शोभून दिसते. मातीच्या बुटक्या मडक्यात ज्वारीची चार कणसे, पऱ्हाटीच्या फांदीवर उमललेली कापसाची बोंडे, किंवा वाळूनही केशरी राहिलेली करडईची फुले यांना पाणी लागत नाही, ती सुकत नाहीत आणि हंगामात गावाकडून फुकट मिळतात. ज्वारीची कणसे आणल्यावर अंगणात चांगली झटकून घ्यावीत, कारण त्यांतून दाणे आणि कुसळ गळते. करडई काटेरी असल्यामुळे लहान मुले बसणार असतील तिथे ती ठेवू नये.

पाटांची पंगत

महालक्ष्म्यांचे जेवण, अधिक महिन्यात जावयाला दिले जाणारे धोंड्याचे जेवण किंवा कुळाचारातली सवाष्ण या प्रसंगी निवडीचा प्रश्नच फारसा उरत नाही. तिथे पाट, पान आणि रांगोळी हीच मांडणी असते. परंतु एरवीच्या पाहुण्यांसाठीही पंगतीचा विचार जरूर करावा, कारण जागेचा जो प्रश्न टेबलावर सुटत नाही तो इथे आपोआप सुटतो. पानासमोरची सगळी जमीन सजावटीला मोकळी असते आणि वाढणारा मधून चालत जातो. ताटाची शोभाही इथेच सर्वांत खुलते: डावीकडे मीठ, लिंबू, शेंगदाण्याची चटणी, लोणचे, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी, मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तुपाची धार. पांढरा, पिवळा, हिरवा, तांबडा हे रंग ताटातच असल्यामुळे वेगळा विषय शोधण्याची गरज राहत नाही.

अर्धापूर-वसमत पट्ट्यात केळीच्या बागा असल्यामुळे नांदेड-हिंगोलीकडे पाने सहज मिळतात. पान मांडताना त्याचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला यावे. बीड-लातूरकडे केळीची पाने विकत आणावी लागत असली, तरी पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण हा तितकाच देखणा पर्याय आहे. फक्त पातळ आमटीसाठी द्रोणाऐवजी वाटी द्यावी, कारण जुन्या द्रोणाच्या काड्या सैल झालेल्या असतात.

पंगतीच्या उणिवाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. साठीच्या पुढच्या पाहुण्यांना मांडी घालून बसणे, त्याहून अधिक म्हणजे जेवल्यावर उठणे, अवघड जाते, आणि "आम्हाला चालतं हो" असे ते संकोचाने म्हणतात तेव्हा त्यावर विसंबू नये. पाटासमोर चौरंग मांडून वर ताट ठेवल्याने वाकणे कमी होते, गुडघ्यांचा प्रश्न मात्र तसाच राहतो. कोरडी रांगोळी कूलरच्या झोतात सरळ ताटात येते. म्हणून तांदळाच्या पिठात पाणी कालवून काढलेली ओली रांगोळी दोन-तीन तास आधी काढून वाळू द्यावी. आणि वाढायला किमान दोन माणसे हवीत. ती नसतील तर पंगत मांडूच नये, कारण यजमानीण स्वयंपाकघरातून बाहेर येतच नाही आणि पाहुणे तिच्याशी दोन शब्दही न बोलता परततात.

दस्तरखान

निजामाच्या राजवटीत १९४८ पर्यंत राहिलेल्या या मुलखात जमिनीवर कापड अंथरून त्याभोवती बसण्याची पद्धत परकी नाही. संभाजीनगर, नांदेड, परभणीच्या अनेक मुस्लिम घरांत ती आजही रोजची आहे. पंगत आणि दस्तरखान दोन्ही जमिनीवरच असले, तरी फरक वाढपाचा आहे: दस्तरखानावर पदार्थ मधोमध ठेवलेले असतात, समोरासमोर बसलेले लोक एकमेकांकडे भांडी सरकवतात आणि यजमानही पहिल्या घासापासून त्यांच्यात बसलेला असतो. दहा-बारा माणसे, वाढायला कोणी नाही आणि घरात मोठे टेबल नाही, अशा घराला याहून सोयीची मांडणी मिळणे कठीण आहे. नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा), बिर्याणी यांसारख्या मोजक्या पदार्थांच्या जेवणाला ती फार शोभते. चौदा वाट्यांच्या पुरणावरणाच्या जेवणाला ती शोभत नाही, कारण मधली भांडी इतकी होतात की कापड दिसेनासे होते.

विषय धरून सजवायचे असेल, तर इथे कापड हाच विषय असतो. संभाजीनगरच्या हिमरू या नक्षीदार विणीच्या कापडाचा उगम चौदाव्या शतकात, १३२७च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली त्या काळापर्यंत मागे नेला जातो. त्याचा ताणा सुती आणि बाणा रेशमी असल्यामुळे दिव्याच्या प्रकाशात त्यावरची नक्षी उठून दिसते. परंतु खलियाची तर्री पडेल अशा ठिकाणी हिमरू अंथरणे हा त्या कापडावर अन्याय आहे. खाली धुता येईल असे जाड सुती कापड, आणि हिमरूची शाल मागच्या तक्क्यांवर किंवा लोडांवर, अशी विभागणी केली की दोन्ही साधते. बिदरी कामाच्या सुरईचेही तेच: जस्त आणि तांब्याच्या काळ्या धातूवर चांदीची नक्षी असलेली ही वस्तू एका टोकाला शोभेसाठी ठेवावी, तिच्यात खाद्यपदार्थ वाढू नयेत. दस्तरखानावर पाय देऊ नये, हा तिथला पहिला शिष्टाचार. तो मुलांना आधीच सांगून ठेवलेला बरा. पाहुण्यांत शाकाहारी मंडळी असतील तर त्यांचे पदार्थ आणि पळ्या एका टोकाला वेगळ्या मांडाव्यात आणि त्यांना त्याच टोकाला बसवावे, म्हणजे कोणालाच विचारत बसावे लागत नाही.

ज्याने त्याने वाढून घेणे

पाहुणे पंधराच्या पुढे गेले की हाच मार्ग उरतो, आणि त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. सगळी सजावट एका टेबलावर एकवटता येत असल्यामुळे ती स्वस्तात होते आणि फोटोही उत्तम येतो. मात्र हातात ताट धरून भाकरी आणि पातळ भाजी खाणे ही कसरत आहे, म्हणून बेत बदलावा: धपाटे, मसालेभात, कोरड्या भाज्या, वड्या. ताटे नेहमी रांगेच्या सुरुवातीला आणि चमचे, रुमाल शेवटी ठेवावेत.

विषय निवडताना

ऋतूने दिलेला विषय घेणे सर्वांत सोपे. पौषात हुरडा, उन्हाळ्यात मराठवाड्याचा केशर आंबा, दिवाळीच्या आगेमागे बीडकडची सीताफळे. आंब्याच्या जेवणाला पांढरे कापड, आंब्याची हिरवी डहाळी आणि काशाच्या वाट्यांतला रस एवढे पुरेसे असते. पिवळ्यावर पिवळे रचत गेले की रसाचाच रंग मरतो. हुरड्याचा विषय शहरातल्या टेबलावर आणायचा तर घोंगडी, सुपात ठेवलेली कणसे, गूळ आणि तिळाची चटणी असावी, पण भाजलेला हुरडा गरम असतानाच हातावर चोळून दिला जातो, त्यामुळे भट्टी आणि बैठक जवळ नसेल तर हा घाट घालू नये. लातूर-धाराशिवकडच्या वेळ अमावस्येची भज्जी, आंबिल आणि उंडे घरी करून खायला हरकत नाही. त्या दिवशी पूजेसाठी उभारतात ती कडब्याची खोपी, म्हणजे कोप, मात्र शेतातच असू द्यावी, दिवाणखान्यात तिची खेळण्यासारखी प्रतिकृती केली की ती पूजेचीही राहत नाही आणि सजावटीचीही. थर्मोकोलच्या सजावटीचा विचार तर करूच नये. प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या ताट-वाट्यांवर महाराष्ट्रात २०१८पासून बंदी आहे आणि सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२पासून देशभर आहे.

भांडी, पाणी आणि डाग

पितळेची भांडी सर्वांत देखणी दिसतात, परंतु चिंच, ताक, दही, टोमॅटो असलेल्या पदार्थांसाठी त्यांना आतून कल्हई हवी, आणि कल्हईवाला आता शोधावा लागतो. कल्हई नसेल तर पितळेत भाकरी, सुकामेवा किंवा फुले ठेवावीत आणि आंबट पदार्थ स्टीलमध्ये द्यावेत. चिनी मातीच्या ताटल्या टेबलावर उठून दिसतात, मात्र त्या सपाट असल्यामुळे वाट्या वेगळ्या लागतात आणि आठ जणांच्या एका जेवणाला चाळीसच्या वर भांडी घासायला पडतात. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात ही बाब दुय्यम धरता येत नाही. नळाला आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या घराने उन्हाळ्यात पळसाच्या पत्रावळी निवडाव्यात.

कापड निवडताना ते हळदीच्या डागांना तोंड देईल का, हे पाहावे. गडद रंगाच्या कापडावर डाग लपतो, म्हणून ते सोयीचे वाटते, पण कडक उन्हात वाळवले की त्याचा रंग विटतो. पांढरे किंवा मोतिया रंगाचे जाड सुती कापड डाग दाखवते आणि सोडतेही. डागाला साबण लागताच तो लालभडक होतो, तो साबणातल्या क्षाराचा परिणाम असतो आणि घाबरण्याचे कारण नसते. तूप-तेलाचा अंश साबणाने काढून, भरपूर खळबळून, कापड डागाची बाजू वर करून दुपारच्या उन्हात टाकावे; हळदीचा रंग प्रकाशाने उडतो, त्यामुळे संध्याकाळपर्यंत डाग बराच फिका पडलेला दिसतो आणि उरलेला पुढच्या धुण्यात जातो. हिमरूला किंवा कोणत्याही रेशमी कापडाला हा उपाय करू नये; ते सरळ ड्रायक्लीनिंगला द्यावे.