बजींसाठी करून घेतलेला पिंजरा: एक पावसाळा काढल्यानंतर

आधी पैशाचं सांगते, कारण विचारणारा प्रत्येकजण तिथूनच सुरू करतो. करून घेतलेला पिंजरा स्वस्त पडत नाही. चार फूट लांब, दोन फूट खोल, तीन फूट उंच आणि खाली अडीच फुटांचे पाय, एवढ्याला मला आठ हजारांच्या आतबाहेर गेले. त्यातले जवळजवळ निम्मे नुसत्या जाळीचे. बाजारात याच्या तिसऱ्या हिश्शात रंगीत पिंजरा मिळतो, वर झोका आणि प्लॅस्टिकच्या दोन वाट्या फुकट. तरी पुन्हा वेळ आली तर मी असाच करून घेईन. जाळी, दार आणि तळ ही तीन ठिकाणं आपल्या मनासारखी मिळतात म्हणून. पक्ष्याच्या जिवाला धोका असतो तो याच तीन ठिकाणी. बाकी रंग, घुमट, झोके ही आपली हौस.

आमच्याकडं चार बजी आहेत. दुकानात लव्हबर्ड म्हणून विकतात ते छोटे पोपट, मूळचे ऑस्ट्रेलियाचे, १८ सेंटिमीटरच्या आसपास लांब, वजन ३० ते ४० ग्रॅम. पिंजऱ्याचा फोटो बघून "आमच्या पोपटाला असाच करून द्या" म्हणणारे दोघेतिघे भेटले, त्यांना इथंच सांगते: आपल्याकडचा हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतो, मुनियाही येते. ते घरात ठेवताच येत नाहीत, पिंजरा कितीही चांगला असो. बजी आणि कॉकटील (तुऱ्याचा छोटा परदेशी पोपट) यांना ती अडचण नाही. सन कॉन्युअर, आफ्रिकन ग्रे असले महागडे पक्षी ठेवणाऱ्यांना मात्र आता सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

चार फूट लांबी का, तर बजी आडवा उडतो. उंच, अरुंद, देवळाच्या आकाराचे पिंजरे दिसायला छान, पण त्यात पक्षी नुसता वरखाली चढतो. खोली दोन फुटांच्या पुढं नेली नाही, कारण आमच्या बेळगावच्या वडगावातल्या जुन्या घरांची अरुंद दारं. पिंजरा पडवीतून आतल्या खोलीत जाणार नसेल तर आडव्या पावसात काय करणार? दाराचं माप चौकटीच्या आतून घ्या आणि कडीकोयंड्यासाठी दोन इंच सोडा.

आता जाळी. उद्यमबागेतल्या ज्या वर्कशॉपवाल्यांकडं काम दिलं ते म्हणाले, "आक्का, हाफ इंची कशाला ओ? एक इंची घाला की. पैसे वाचतात, पक्षी काय जातंय काय त्यातनं?" पक्षी जात नाही, मुंडकं जातं, आणि मग पंख आडवे येऊन परत निघत नाही. बजीला अर्ध्या इंचाचं भोक हेच माप. कॉकटीलला पाऊण इंचापर्यंत चालतं. कोंबड्यांची षटकोनी जाळी तर नकोच. तिच्या पिळात नख अडकतं आणि घूस ती दातानं तोडते.

मापापेक्षाही मोठा प्रश्न धातूचा. साधी जीआय जाळी म्हणजे लोखंडी तारेवर जस्ताचा मुलामा. बजी जाळीवर चढताना चोचीनं तार धरतो आणि काम नसलं की तीच तार कुरतडत बसतो. नव्या जाळीच्या सांध्यांवर जस्ताचे बारीक थेंब आणि टोकं राहिलेली असतात, दमट हवेत मुलाम्यावर पांढरी भुकटी धरते. हे पोटात जात राहिलं की विषबाधा होते. पक्षी अंग फुगवून कोपऱ्यात बसतो, विष्ठा पाण्यासारखी होते, तोल सुटतो. एवढ्याशा जिवाला सावरायला फार वेळ मिळत नाही, आणि घरच्यांना वाटतं थंडी बाधली. जीआयच परवडत असेल तर निदान आधी वेल्ड करून मग मुलामा दिलेली बघून घ्या. आधी मुलामा आणि मग वेल्ड अशा जाळीत सांध्यावरचं जस्त जळालेलं असतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. कुठलीही घेतली तरी व्हिनेगर आणि ब्रशनं घासायची, भरपूर पाण्यानं धुवायची, उन्हात टाकायची. त्यानं सुटं जस्त निघतं. मुलामा आहे तिथंच राहतो, त्यामुळं कुरतडणाऱ्या पक्ष्याला तो धोका पुरता संपत नाही.

मी स्टेनलेस स्टीलची ३०४ या प्रतीची जाळी घेतली, तार १६ गेज जाडीची. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, चिकटलं नाही म्हणजे अस्सल, पण त्यावर जाऊ नका. ओढून बारीक केलेली ३०४ ची तारही चुंबकाला थोडी लागते. बिलावर ३०४ लिहून मागा, सरळ काम. इतक्या महिन्यांत जाळीवर एक डाग नाही, एक सांधा सुटलेला नाही. तक्रार एकच. ती चकाकते. सकाळचं ऊन आलं की आतले पक्षी धड दिसत नाहीत. काळा रंग मारा असं सुचवणारे पुष्कळ, पण चोचीखाली रंग द्यायला मी तयार नाही.

चौकट लोखंडी, एक इंची स्क्वेअर पाइपची, पावडर कोटिंग केलेली, म्हणजे भुकटीचा रंग भट्टीत भाजून बसवलेली. रंगाबद्दल जरा थांबून सांगते. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भाग) वर नको असा नियम आपल्याकडं २०१७ पासून आहे, पण तो घराला लावायच्या रंगांचा. वर्कशॉपमध्ये यंत्रांना मारायचे पिवळे-नारिंगी डबे त्यात धरलेले नाहीत, आणि "थोडा उरलाय, तोच मारून देतो" असं म्हणणारी माणसं वर्कशॉपमध्येच भेटतात. पावडर कोटिंगला हजारभर जास्त गेले. वसूल झाले.

जाळी चौकटीला वेल्ड करायची नाही, हे मात्र आधी बोलून घ्या. वेल्ड मारला की तिथला रंग जळतो आणि स्टेनलेसला चिकटलेलं उघडं लोखंड ओलाव्यात लवकर गंजतं. आमच्याकडं कोटिंग होऊन आल्यावर जाळी चौकटीवर ठेवून वरून ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूनं आवळली. कापलेल्या तारांची टोकं पट्टीखाली गेली, पक्ष्याच्या पायाला काही लागत नाही. फक्त डाव्या बाजूला एका कोपऱ्यात, जिथं नंतर आकडा लावायला म्हणून वेल्ड मारला, तिथं ऑगस्टमध्येच तांबूस ओघळ दिसायला लागला. बाकी चौकट कोरी आहे.

दारासाठी मी सगळ्यात जास्त डोकं खाल्लं, आणि त्याला कारण आमचा निळा नर. आधीच्या बाजारातल्या पिंजऱ्याची दारं वर सरकणारी होती. ती तो कशी उघडायचा हे मी समोर बसून पाहिलंय. आधी दाराशेजारच्या तारेला दोन्ही पायांनी धरून राहायचं. मग चोच दाराच्या खालच्या तारेखाली घालून मान वर ताणायची. दार बोटभर उचललं की एक पाय सोडून तीच तार पंजात घ्यायची, चोचीनं पुढची पकड, पुन्हा पाय. दोन पकडींत डोकं बाहेर. पंजा निसटला की दार सरळ मानेवर. पक्षी उडून गेला तर निदान कुठल्या तरी छपरावर बसल्याचं बघता येतं. हे त्याहून वाईट.

म्हणून नव्याला सरकतं दार एकही नाही. दाणापाण्यासाठी तळहात जाईल एवढी दोन दारं बिजागरीवर, आत उघडणारी, म्हणजे आतून कितीही ढकलली तरी उघडत नाहीत. साफसफाईचं मोठं दार मुद्दाम खालच्या अंगाला. बिथरलेला पक्षी वर उडतो, त्यामुळं खालचं दार उघडं असताना सटकायचा धोका कमी. त्याला बाहेरून कडी आणि कडीत स्प्रिंगचा हूक. पितळी कुलूप लावायचं तर चोचीच्या टप्प्यात येऊ देऊ नका, पितळेत शिसं असू शकतं.

तळ बहुतेक पिंजऱ्यांत कच्चा असतो. ट्रे ओढला की दीडदोन इंचांची आडवी फट उघडी, आत पक्षी आणि बाहेर बोका. इथं सगळ्यात खाली जाळी कायमची ठोकलेली, तिच्यावर स्टीलचा ट्रे, आणि ट्रे बाहेर आला की फटीवर आपोआप पडणारी पत्र्याची झडप. सासूबाई सकाळी ट्रे ओढतात, जुनं वर्तमानपत्र बदलतात, चहा होईपर्यंत काम आटपतं. पावसाळ्यात कागद रोज बदलावाच लागतो. एक दिवस चुकला की वास येतो.

उंदरांचं खरं सांगायचं तर अर्धा इंची जाळी घूस, बोका, कावळा, शिक्रा यांना अडवते. बारका उंदीर त्यातून जातो, आणि त्याच्या मागावर येणारं सापाचं बारीक पिल्लूही जाऊ शकतं. आमच्या मागच्या बाजूला शेत आहे. भातकापणीनंतर उंदीर घरांकडं सरकतात, हे गल्लीत कुणालाही विचारा. त्यावर पायांना पत्र्याच्या गोल चकत्या घातल्या, उपड्या ताटलीसारख्या, आणि पिंजरा भिंतीपासून वीतभर लांब ठेवला. उंदीर पायावरून चढतो आणि चकतीखाली अडतो. रात्री दाण्याच्या वाट्या काढून घेते. चकत्या घातल्यापासून ट्रेमध्ये लेंडी दिसलेली नाही.

मुंग्यांचा बंदोबस्त मात्र या रचनेत नाही. पायांना चाकं आहेत, त्यामुळं पाण्याच्या वाट्या ठेवता येत नाहीत. मुंग्यांचा खडू मी पिंजऱ्याच्या आसपास ओढू देत नाही, तो कीटकनाशकच आहे. सध्या फळाचा तुकडा अर्ध्या तासात उचलायचा, एवढाच उपाय. चाकं नसती तर हा प्रश्न नव्हता, पण मग पिंजरा हलवायला चार माणसं लागली असती.

आणि हलवावा लागतो. मृग लागला की इथं पश्चिमेचं वारं सुरू होतं. खानापूरकडून येणारा पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो आणि पडवीच्या आतल्या भिंतीपर्यंत पोचतो. पश्चिमेच्या बाजूला आणि डोक्यावर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा लावून घेतला, पूर्व बाजू मोकळी. वारा अडला की बजी गारठा सोसतात. ओली हवा आणि झोत एकत्र आले की मग आजारी पडतात. सारखी झड लागली की सरळ आतल्या खोलीत, स्वयंपाकघरापासून लांब. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारतो, माणसाला नाकात जाणवायच्या आत. डासांची कॉइल आणि धूपसुद्धा त्या खोलीत बंद.

दाण्यालाही पावसाळा बाधतो. राळे आणि बाजरी आम्ही रविवार पेठेतून एकदम पाच किलो आणायचो. जुलैत त्याला कुबट वास आला, सगळं टाकलं. आता दोन आठवड्यांपुरतंच आणतो आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. बुरशी धरलेला दाणा पक्ष्याच्या फुप्फुसावर जातो.

गणपतीतल्या डॉल्बीचं आणि दिवाळीतल्या फटाक्यांचं काय, असं एकीनं विचारलं होतं. अंधारात दचकलेला बजी दिसेल तिकडं आदळतो, आणि पिंजरा मोठा असला की जोरात आदळतो. विसर्जनाच्या रात्री पिंजरा आत घेतला, तीन बाजूंनी चादर आणि खोलीत झिरो बल्ब चालू. सकाळी खाली चार पिसं पडली होती, इजा कुणाला नव्हती. बसायच्या काठ्या जाळीपासून वीतभर आत बसवल्या आहेत, त्याचा उपयोग इथं झाला.

काठ्या पेरूच्या आणि कडुनिंबाच्या, सालीसकट, कमीजास्त जाडीच्या. सगळीकडं एकाच जाडीची गुळगुळीत काठी असली की तळपायाच्या त्याच जागेवर भार पडून फोड येतात. अथणीकडच्या पाहुण्यांनी छाटणीच्या द्राक्षकाड्यांचा भारा आणून दिला होता. तो वापरला नाही, बागेत औषधं फवारलेली असतात. कण्हेरीची काठी तर हातातही घेऊ नका, ती विषारी आहे. पेरूची साल बजींनी महिन्याभरात सोलून संपवली. दर दोन महिन्यांनी काठ्या बदलाव्या लागतात, पण त्या फुकट मिळतात आणि जाळी कुरतडायचं कमी झालं ते या सालीमुळंच.

फिंच (चिमणीसारखे बारके, दाणे खाणारे पक्षी) ठेवणार असाल तर हे माप जसंच्या तसं उचलू नका. फिंच बजीपेक्षा बारीक, अर्ध्या इंचाची जाळी झेब्राफिंचच्या पिल्लाला सैल होते, तीन अष्टमांश इंचाची घ्या. पण फिंच तार कुरतडत नाहीत, त्यामुळं त्यांच्यासाठी घासूनधुऊन घेतलेली जीआय चालून जाते. तेवढ्यानंच खर्च दोनअडीच हजारांनी उतरतो.