आठ महिने ॲपशी जर्मन बोलून

जर्मनच्या बी-१ या मधल्या पातळीच्या तोंडी परीक्षेसाठी उच्चार सुधारायचे म्हणून पैसे भरून एक ॲप घेतलं. आपण वाक्य म्हणायचं, ते प्रत्येक अक्षर हिरवं, पिवळं किंवा लाल करतं आणि शंभरपैकी गुण देतं.

आधी चांगलं सांगते. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचे ग, ड, ब हे क, ट, प होतात. क्लासमध्ये नियम वहीत उतरवला होता, तोंडातून मात्र 'टाग' (म्हणजे दिवस) असंच यायचं. ॲपने दर वेळी ते शेवटचं अक्षर लाल केलं आणि तीन आठवड्यांत 'टाक' अंगवळणी पडलं. एखाद्या माणसाने इतकं टोकलं असतं तर मी क्लासच सोडला असता! 'त्साइट' म्हणजे वेळ, त्यातला त्स मात्र पहिल्या दिवसापासून हिरवा. चमचा, चूल म्हणणाऱ्या जिभेला तो फुकटात मिळतो. माझी हिंदीभाषक मैत्रीण तिथे महिनाभर अडकली होती.

आता रडगाणं. 'किर्ह्यं' म्हणजे चर्च, 'किर्शं' म्हणजे चेरी. मी चर्चला जायला निघायचे आणि चेरीपाशी पोचायचे. ॲप लाल दाखवायचं, पण जिभेचं काय करायचं ते सांगायचं नाही. शेवटी क्लासच्या बाईंनी एका वाक्यात सोडवलं: ई म्हणा, जीभ तिथेच ठेवा, आवाज बंद करून नुसती हवा सोडा.

उलटही होतं. माझा मराठी वळणाचा, जीभ मागे वळवून काढलेला ट सरसकट हिरवा. बाईंच्या कानाला तो लगेच खटकला. पंखा चालू असला की गुण दहाने घसरायचे, ते वेगळंच.

उमलाउटवाल्या ऊसाठी, म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेल्या जर्मन ü साठी, शेवटी 'प्राट' हे आवाज तपासायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या बुर्स्मा आणि वेनिंक यांनी केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, दिसायला मात्र अगदी रुक्ष. त्यात आवाजाचे काळे पट्टे दिसतात. ई म्हटलं की खालून दुसरा पट्टा २००० हर्ट्झच्या वर जातो, ऊ म्हटलं की १००० च्या आसपास किंवा खाली येतो. उमलाउटवाल्या ऊचा पट्टा या दोन्हींच्या मध्ये, पण ईच्या बाजूला हवा. माझा पार तळाला! म्हणजे ओठ गोल करताना जीभही मागे जात होती. आरशात हे कधीच दिसलं नसतं.

वर्गणी संपली, वर्षाची पुन्हा भरणार नाही. परीक्षेआधी एक महिन्याची घेईन, तीही फक्त त्या शेवटच्या अक्षरांसाठी.