ड्युअल बूट की व्हर्च्युअल मशीन?

विंडोज ठेवायचं आणि जोडीला लिनक्सही घ्यायचं, इथवर तुमचं ठरलंय असं धरून चालतो. त्याचे दोन मार्ग: ड्युअल बूट, म्हणजे दोन्ही सिस्टीम एकाच मशीनवर, पण चालू करताना त्यातली एकच निवडायची; आणि व्हर्च्युअल मशीन, म्हणजे विंडोजच्या आतच एका खिडकीत लिनक्स चालवायचं. मी दोन्ही मार्ग वापरून पाहिलेत. फोंड्यात माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं काम आहे: देवस्थानांच्या स्मरणिका, जत्रेची पत्रकं, लग्नपत्रिका. पानं विंडोजमध्ये लागतात. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम मात्र मला लिनक्सच्या टर्मिनलमध्येच (कमांड टाइप करायच्या खिडकीत) सुटसुटीत वाटतं.

ड्युअल बूटचा वेग मान्यच करायला हवा. अख्खी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड एकाच सिस्टीमच्या हाती असतं. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणून इकडून तिकडे गेलात की वेळ साडेपाच तासांनी चुकते. पण ते एका कमांडचं काम.

मला जाच झाला तो सामाईक डी ड्राइव्हचा. विंडोज शट डाउन करावं, लिनक्समध्ये मजकूर दुरुस्त करावा आणि सेव्ह करायला जावं, तर ड्राइव्ह 'रीड-ओन्ली'. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन करूनही विंडोज पुरतं बंद होत नाही, कर्नलची (सिस्टीमच्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर राखून ठेवतं. अशा ड्राइव्हवर लिनक्स लिहीत नाही, आणि ते योग्यच आहे, नाहीतर फायली बिघडायच्या. रीस्टार्ट केलं तर अडचण येत नाही. पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंदही करता येतं. पण मूळ दुखणं राहतंच. जुन्या फाँटमधून मजकूर आणताना रफार आणि ऱ्हस्व इकार हटकून भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. 'कार्तिक' नीट आला का हे मूळ पानाशी ताडून बघायचं, तर दर वेळी सगळं बंद करून पलीकडे जायचं.

व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवायच्या प्रोग्राममध्ये विंडोज आणि लिनक्स या दोन्हींच्या खिडक्या शेजारी-शेजारी उघड्या राहतात. त्याचं गेस्ट ॲडिशन्स हे जोड-सॉफ्टवेअर लिनक्समध्ये टाकलं की फोल्डर सामाईक होतो, कॉपी-पेस्टही चालतं. ग्राफिक्स जरा जड चालतं, एवढं सोसावं लागतं. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडे विजेचा भरवसा नाही. ड्युअल बूटसाठी पार्टिशनचा (डिस्कच्या भागाचा) आकार बदलताना ती गेली तर विंडोजही हातचं जायचं. व्हर्च्युअल मशीनची डिस्क म्हणजे एक फाइल; लिनक्स नाही रुचलं, तर पुसून टाकायची.

गेम किंवा व्हिडिओचं काम असेल, किंवा मशीन ४ जीबी रॅमचं असेल, तर ड्युअल बूटच बरं. आधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. माझ्यासारखं सारखं इकडे-तिकडे करावं लागणाऱ्याला मात्र मी व्हर्च्युअल मशीनच सुचवेन. ८ जीबी रॅम असेल, तर जमल्यास आधी १६ करून घ्या आणि त्यातली ४ लिनक्सला द्या.