सेकंडहँड सॅस कार्ड, सहा डिस्का आणि एक पट्टी पिवळी टेप

सर्व्हरच्या डिस्का घरच्या पीसीला जोडणारं हे जुनं सॅस कार्ड चांगलं आहे, घ्या. पण त्याआधी ४० मिलिमीटरचा एक पंखा घ्या, आणि डिस्का विकणाऱ्याला एक प्रश्न विचारा: सेक्टर, म्हणजे डिस्केवरचा साठवणीचा एक तुकडा, ५१२ बाइटचा की ५२० चा? मी यातलं काहीच केलं नाही, म्हणून मे महिन्यात आणलेला माल माझ्याकडे आषाढात कामाला लागला.

मी फोंड्यात राहतो. लग्नं, मुंजी, नाटकं, देवळांतले उत्सव यांचं शूटिंग हा धंदा. एका लग्नाचं फुटेज हल्ली अडीचशे-तीनशे जीबी होतं आणि गिऱ्हाईक चार वर्षांनी येऊन विचारतं, 'दादा, ती मूळ क्लिप आहे का हो अजून?' कपाटात अकरा पोर्टेबल डिस्का होत्या. प्रत्येकीवर मार्करने नाव: 'कवळे काला', 'म्हार्दोळ जायांची पूजा', 'स्पर्धा नाटक अंक २'. त्यातली एक गेल्या वर्षी टक् टक् करायला लागली आणि माझी झोप उडाली. चार डिस्कांची तयार पेटी विचारली, तर रिकाम्या पेटीचेच पस्तीस हजारांच्या पुढे सांगितले. मग ठरवलं, जुना पीसी आहेच, त्यात सर्व्हरचं जुनं कार्ड आणि सर्व्हरच्याच जुन्या डिस्का घालू आणि वर लिनक्स चढवू.

माल बेळगावहून आणला. तिथे सर्व्हरचा जुना माल विकणारा एक दुकानदार आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे. फोनवर म्हणाला, 'काका, कार्ड फर्स्ट क्लास. डिस्का पण चालू हालतीत.' चोर्ला घाटातून कदंब बसने जाऊन संध्याकाळी परत. हिशेब असा: कार्ड १,९००, दोन केबल मिळून २,२००, चार-चार टीबीच्या सहा सॅस डिस्का १५,६००. पंख्याचे २५० नंतर घातले. एकूण १९,९५० रुपये.

कार्डावर एलएसआयची सॅस २००८ ही चिप आहे. एकाच चिपची कार्डं निरनिराळ्या सर्व्हर कंपन्यांनी आपापल्या नावाने विकली, त्यामुळे बाजारात ती उदंड मिळतात. आठ डिस्का लागतात, वेग एकेका डिस्केला ६ गिगाबिट. फिरत्या डिस्कांना याहून जास्त देऊन काही उपयोग नाही. मात्र याच्या आधीच्या पिढीचं, १०६८ चिपचं कार्ड चारपाचशेला मिळतं म्हणून उचलू नका. ते दोन टीबीच्या वरची डिस्क पूर्ण ओळखत नाही.

कार्ड लावलं, बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. कार्ड काढलं की पीसी सुरू, लावलं की मुका. दोन तास मी एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, शिव्या घालत होतो. कारण भलतंच निघालं. सर्व्हरातल्या कार्डाच्या दोन पिना, बी ५ आणि बी ६, एसएमबस नावाच्या लहानशा वाटेला जोडलेल्या असतात. घरच्या पीसीत रॅमची माहितीसुद्धा मदरबोर्ड त्याच वाटेने विचारतो. तिथे कार्ड मध्येच बोलायला लागलं की काही मदरबोर्डांना रॅमच सापडत नाही. यावरचा उपाय म्हणजे त्या दोन पिना झाकायच्या.

झाकायला साधी चिकटपट्टी चालत नाही, उष्णतेने तिचा डिंक सुटतो. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ती पिवळी, उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लागते. तिस्कावरच्या मोबाइलवाल्या पोराने बोटभर पट्टी कापून दिली, पैसे घेतले नाहीत. चिपची बाजू आपल्याकडे धरायची आणि पत्र्याच्या पट्टीकडून पिना मोजायच्या: पाचवी, सहावी. पिना एकेका मिलिमीटरवर असतात. आईचं पोथी वाचायचं भिंग घेतलं, ब्लेडने दोन मिलिमीटर रुंद पट्टी कापली. पहिली सातव्या पिनेवर गेली, दुसरी तिरकी बसली, तिसरी जमली. टेप पिनेच्या टोकाखाली किंचित दुमडून मागे न्या, नाहीतर कार्ड खाचेत घालताना ती सरकते. पीसी पहिल्या झटक्यात सुरू झाला.

मग फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या पोटातलं सॉफ्टवेअर. हे कार्ड मुळात रेड (आरएआयडी, अनेक डिस्का मिळून एक करण्याची पद्धत) कार्ड. डिस्का ताब्यात घेऊन सगळा कारभार स्वतः करणारं. मला कारभार लिनक्सकडे हवा होता, आणि कार्डाने फक्त डिस्का दाखवायच्या. याला आयटी मोड म्हणतात. त्याचं शेवटचं प्रचलित फर्मवेअर २०.००.०७.००. फ्लॅश करण्याच्या, म्हणजे ते फर्मवेअर चढवण्याच्या, पायऱ्या इथे लिहीत नाही, त्या कार्डागणिक बदलतात. दोनच गोष्टी सांगतो. कार्डाच्या मागच्या लेबलावर बहुधा ५०० ने सुरू होणारा सोळा अक्षरांचा सॅस पत्ता असतो, त्याचा आधी फोटो काढा. फ्लॅश पुसली की तो जातो आणि हाताने परत भरावा लागतो. दुसरी, डॉसचं फ्लॅश सॉफ्टवेअर नव्या, यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली यंत्रणा) असलेल्या मदरबोर्डावर 'पीएएल सुरू करता आला नाही' अशा अर्थाचा संदेश देऊन थांबतं. माझा पीसी त्यातलाच. त्याच सॉफ्टवेअरचा यूईएफआयवर चालणारा प्रकारही मिळतो, पण तो चालवायला लागणारी शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची जागा, माझ्या मदरबोर्डाला सापडेना. शेवटी देवळाच्या कार्यालयात पावत्या छापायला ठेवलेला म्हातारा पीसी आठवला. सेक्रेटरी म्हणाले, 'कर बाबा, पण सोमवारी अभिषेकाच्या पावत्या निघायला हव्यात.' रविवारी दुपारी देवळात कोणी नसताना वीस मिनिटांत काम झालं. पावत्याही निघाल्या.

आता लिनक्स. एडिटिंगला मी डाविंची रिझॉल्व्ह वापरतो. लिनक्सवर ते ज्या कंपनीवाल्या, म्हणजे रेड हॅटच्या, घराण्यात नीट नांदतं, तेच मला सवयीचं, म्हणून या पीसीवरही त्याच घराण्यातली आठवी आवृत्ती चढवायला घेतली. इन्स्टॉलरला पेनड्राइव्ह आणि मदरबोर्डाला लावलेली एसएसडी दिसली, कार्डामागच्या सहा डिस्कांचा पत्ता नाही. खाचांतल्या कार्डांच्या (पीसीआयच्या) यादीत ते होतं. ड्रायव्हर त्याला हात लावत नव्हता.

इथे मला खरा राग आला. लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, या चिपचा ड्रायव्हर आहे. आधी तो एमपीटी२सॅस नावाने वेगळा होता, २०१६ च्या सुरुवातीला आलेल्या ४.४ कर्नलपासून तो एमपीटी३सॅसमध्ये मिसळला. डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर कार्ड लावा, काही न करता चालतं. या घराण्याने मात्र आठव्या आवृत्तीपासून ड्रायव्हर ठेवला आणि त्यातल्या यादीतून जुन्या चिपांचे ओळख-क्रमांक काढून टाकले. रेशनकार्ड तेच, माणूस घरात, फक्त नाव कापलं. कंपनीचं गणित मला समजतं, जुन्या कार्डाची हमी कुणाला देत बसायची नसते. पण माझं कार्ड त्या सकाळी बिघडलं नव्हतं.

एलरेपो नावाच्या प्रकल्पात हे काढलेले ड्रायव्हर तयार मिळतात, इन्स्टॉल करतानाच द्यायच्या डिस्कच्या रूपातही. ते चालतं, पण प्रत्येक मोठ्या अपडेटला पोटात गोळा येतो. मी दुसरी वाट धरली. याच घराण्यातल्या अल्मालिनक्सने २०२४ मध्ये ९.४ आवृत्तीपासून असे बरेच जुने स्टोरेज ड्रायव्हर पुन्हा चालू केले, त्यात हाही आहे. इन्स्टॉलर उघडला तर सहाही डिस्का रांगेत. या एका कामाबद्दल अल्मावाल्यांना माझ्याकडून पैकीच्या पैकी.

डिस्का दिसल्या, पण प्रत्येकीपुढे आकार शून्य. कर्नलच्या नोंदीत सहा वेळा एकच ओळ: सेक्टरचा आकार ५२०, चालणार नाही. मोठ्या कंपन्यांच्या स्टोरेज कपाटांत डिस्क ५१२ बाइटच्या प्रत्येक तुकड्यामागे आठ बाइट तपासणीसाठी राखते, म्हणून ५२०. लिनक्स तो आकार घेत नाही. डिस्का मेलेल्या नसतात, त्यांना फक्त ५१२ चा धडा परत गिरवायला लावायचा असतो. एसजी३-यूटिल्स या पॅकेजमधली एसजी-फॉरमॅट ही आज्ञा ते करते. सगळी डिस्क पुसली जाते, आणि चार टीबीला माझ्याकडे साडेसात तास लागले. काम डिस्क स्वतः करते, म्हणून सहाही एकदम लावता येतात. पीसी परत सुरू केला तरी काम चालू राहतं, डिस्केची वीज तेवढी जाता कामा नये.

जूनचा दुसरा आठवडा. रात्री नऊला लावून झोपलो. सहा डिस्का एकदम फिरतात तेव्हा आवाज कसा असतो? आई मध्यरात्री उठून परसात गेली, तिला वाटलं विहिरीचा पंप चालू राहिलाय. तीन वाजता बघितलं तर ८३ टक्के. पावणेचारला फणसाची फांदी तारांवर पडली आणि सगळा वाडा काळोखात. यूपीएस होता, त्याची बॅटरी मी वर्षभर बदलली नव्हती. 'उद्या बघू' म्हणून.

सकाळी सहाही डिस्का एकच रडगाणं: फॉरमॅट बिघडलेला आहे. एकाही ठिकाणी वाचता-लिहिता येईना. त्या क्षणी साडेपंधरा हजारांची राख झाली असं मला वाटलं. तसं नसतं. तीच आज्ञा पहिल्यापासून परत द्यायची. तिस्कावरून बॅटरी आणली, बदलली, परत साडेसात तास. पाच डिस्का स्वच्छ आल्या. सहावीही आली, पण स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते त्या, अहवालात तिच्या वापरात खराब झालेल्या जागांचा आकडा हजाराच्या वर होता, बाकीच्यांचा शून्य ते चार. बेळगावला फोन केला. 'काका, डिस्क चालते ना?' असा आधी उलटा प्रश्न. अहवालाचा फोटो पाठवल्यावर तीन आठवड्यांनी बसच्या पार्सलने दुसरी आली. तीही ५२० चीच होती. आधी सांगितलं असतं तर रागावलो नसतो. सांगितलं नाही, त्याचा राग आहे.

केबलचंही ऐका. सॅस डिस्केला सॅटाची केबल बसत नाही, सॅटात जिथे खाच असते तिथे सॅसला मध्ये जास्तीच्या पिना असतात. उलट, सॅटा डिस्क सॅसच्या जागेत बसते आणि चालते. म्हणून कार्डाकडे एसएफएफ-८०८७ आणि डिस्केकडे एसएफएफ-८४८२ अशी केबल मागा. सॅटा डिस्का लावणार असाल तर 'फॉरवर्ड' प्रकार हवा. 'रिव्हर्स' दिसायला हुबेहूब तशीच असते आणि एकही डिस्क दाखवत नाही.

सगळं जुळलं. सहा डिस्कांची रेड ६ केली, लिनक्सच्या एमडीएडीएम या आज्ञेने, वर एक्सएफएस ही फाइलव्यवस्था. दोन डिस्का गेल्या तरी फुटेज राहतं, हाताशी सोळा टीबी. यंत्र त्याला १४.५ म्हणतं, ती मोजण्याची पद्धत वेगळी. पहिलं फुटेज चढवलं माशेलच्या चिखलकाल्याचं. कॅमेऱ्याला प्लास्टिक बांधून, चिखलात गुडघाभर उभं राहून काढलेलं. शंभरेक जीबी गेल्यावर चार डिस्का एकदम गायब. चारही एकाच केबलवरच्या, म्हणून केबल बदलली. परत तेच, या वेळी सहाही.

कार्डावरच्या काळ्या हीटसिंकला, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या ठोकळ्याला, बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. या कार्डांना स्वतःचा पंखा नसतो, सर्व्हरात समोरून वारा सोसाट्याने येतो हे धरून ती बनवलेली. माझ्या कॅबिनेटमध्ये वारा म्हणजे उंबऱ्यावर बसलेला म्हातारा, हलतच नाही. त्यात आपल्याकडची हवा, एसी बंद केला की भिंतीला घाम येतो. हीटसिंक काढला तर खालची पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी खपली होऊन पडली. नवी लावली, ४० मिलिमीटरचा पंखा केबल टायने हीटसिंकवरच बांधला. कसा दिसतो ते विचारू नका. त्यानंतर चवथ गेली, म्हार्दोळची जायांची पूजा गेली, तीन लग्नं गेली. डिस्क एकदाही सुटली नाही. नेटवर्कवरून कॉपीचा वेग सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास, म्हणजे अडवतं ते माझं गिगाबिट नेटवर्क, कार्ड नव्हे.

गुण द्यायचे तर कार्डाला पाचपैकी चार, एक गुण पंख्याचा कापला. डिस्कांना तीन. दुकानदाराला दीड, तोही डिस्क बदलून दिली म्हणून. ज्याला लग्नाच्या सीझनमध्ये उद्याच्या उद्या जागा हवी आहे त्याने याच्या वाटेला जाऊ नये, सरळ पेटी घ्यावी. माझे पंधरा दिवस गेले, आणि ते पावसाळ्यातले रिकामे होते म्हणून परवडले.

दिवाळीआधी असंच आणखी एक कार्ड मागवलं, १,८०० ला. देवळातल्या पीसीवर फ्लॅश केलं, बी ५ आणि बी ६ वर टेप लावली, या वेळी पहिल्याच पट्टीत. आता ते लेन्सच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांमध्ये पडून आहे.