एनआयओएसची दहावी: शाळा सुटलेल्या मुलांच्या कितपत उपयोगाची?

शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांपुरता आहे, आणि आपल्याकडे मुलांची शाळा नेमकी चौदाव्या-पंधराव्या वर्षीच सुटते. मुलगी वयात आली म्हणून घरी बसवली जाते, मुलगा गॅरेजवर किंवा बांधकामावर जाऊ लागतो, आईवडील ऊसतोडीला निघाले की दोघेही त्यांच्याबरोबर जातात. दोन-तीन वर्षांनी त्यांना शिकावेसे वाटते तेव्हा नेहमीच्या शाळेचे दार त्यांच्यासाठी जवळजवळ बंद झालेले असते, कारण सतरा वर्षांच्या मुलाला नववीच्या वर्गात बसवायला शाळा तयार नसते आणि त्यालाही तिथे बसायची लाज वाटते. अशा मुलांसाठी देशात जी मोठी सार्वजनिक सोय आहे ती म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, बोलीभाषेत एनआयओएस किंवा नुसतेच ‘ओपन’. वस्तीतल्या अभ्यासिकेत शिकवताना मी अनेक मुलामुलींना या दहावीसाठी बसवले आहे. त्या अनुभवावरून या सेवेचे हे परीक्षण करीत आहे. बारावीचा आणि व्यवसाय अभ्यासक्रमांचा विचार यात केलेला नाही.

या संस्थेचे मूळ १९७९ साली सीबीएसईने सुरू केलेल्या मुक्त विद्यालयाच्या प्रकल्पात आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८९ साली, ती केंद्र सरकारची स्वायत्त संस्था झाली आणि २००२ साली तिला आजचे नाव मिळाले. मुख्यालय नोएडाला असून महाराष्ट्रासाठीचे प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. ती स्वतःच एक मान्यताप्राप्त परीक्षा मंडळ आहे, त्यामुळे तिची दहावी ही पुढील शिक्षणासाठी आणि सरकारी नोकरीसाठी इतर कोणत्याही मंडळाच्या दहावीइतकीच ग्राह्य असते. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण ‘ओपनची दहावी चालत नाही’ असे सांगून पालकांना परत पाठवणारी माणसे मला अजूनही भेटतात.

प्रवेशाची अट हा या सेवेचा सर्वांत मोठा गुण आहे. वय चौदा वर्षे पूर्ण असावे, वयाचा पुरावा असावा, आणि आठवी उत्तीर्ण असल्याचा दाखला नसेल तर आपण हा अभ्यासक्रम शिकण्याइतके शिकलेलो आहोत असे स्वतःचे घोषणापत्र चालते. वयाला वरची मर्यादा नाही. शाळेत न जाता खासगीरीत्या दहावीला बसण्यासाठी राज्य मंडळाचा जो सतरा नंबरचा फॉर्म असतो त्याच्याशी तुलना केली म्हणजे याचे महत्त्व कळते. तिथे शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, तो हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागते, आणि ज्या मुलाने तीन जिल्ह्यांत चार शाळा अर्धवट सोडल्या आहेत त्याचा दाखला नेमका कोणत्या शाळेत अडकला आहे हे शोधण्यातच फॉर्मची मुदत संपते. वीटभट्टीवर वाढलेल्या कित्येक मुलांसाठी त्या एका घोषणापत्राने दहावीचा रस्ता मोकळा झाला आहे.

विषय निवडण्याचे स्वातंत्र्य हा दुसरा गुण. किमान पाच विषय घ्यायचे, त्यांत एक भाषा असलीच पाहिजे, आणि बाकीचे विषय गृहविज्ञान, चित्रकला, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, व्यवसाय अध्ययन, डेटा एंट्री अशा बऱ्याच मोठ्या यादीतून निवडता येतात. मराठी हा भाषा विषय आहे आणि दहावीला मराठी माध्यमही आहे. गणित सक्तीचे नाही. पाचवीपासून गणिताच्या तासाला वर्गाबाहेर उभ्या राहिलेल्या मुलांना हे सांगितल्यावर त्यांना किती हायसे वाटते हे मी पाहिले आहे. तरीही सरसकट गणित टाळायचा सल्ला मी देत नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा फिटरसारखा ट्रेड घ्यायचा असेल तर दहावीला गणित आणि विज्ञान असावे लागते, आणि ज्या मुलांना हातचे काम येते त्यांच्यासाठी हीच पुढची वाट सर्वांत उपयोगी असते. अभ्यास केंद्रातली किंवा खासगी क्लासमधली मंडळी ‘सोपे विषय घेऊन टाका’ असे सांगून मोकळी होतात, मुलाला पुढे काय करायचे आहे हे कोणी विचारत नाही. विषय ठरवण्याआधी मुलाशी आणि त्याच्या घरच्यांशी सविस्तर बोलणे हे या सर्व प्रक्रियेतले सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि ते या सेवेत कोणाच्याही अधिकृत जबाबदारीचे नाही, ही मला तिची मोठी उणीव वाटते.

परीक्षेची रचना मात्र मनापासून दाद देण्यासारखी आहे. एकदा प्रवेश घेतला की तो पाच वर्षे चालतो आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, आणि एका वेळी सर्व विषय देण्याचे बंधन नसते. ज्या विषयात उत्तीर्ण झालो तो पुन्हा द्यावा लागत नाही, त्याचे गुण जमा राहतात. उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के गुण लागतात. राज्य मंडळाच्या दहावीत नापास झालेल्या मुलाला, तिथे उत्तीर्ण झालेल्या विषयांपैकी दोन विषयांचे गुण इकडे आणता येतात. दिवसभर दुकानात उभे राहणाऱ्या मुलाने एका वेळी दोनच विषय घ्यावेत, शांतपणे ते सोडवावेत आणि मग पुढच्या दोन विषयांकडे वळावे, हे या व्यवस्थेत शक्य आहे. कष्टकऱ्यांच्या मुलांचे वर्ष कसे जाते याचा विचार करून आखलेली दुसरी दहावी मला माहीत नाही. रात्रशाळांची परंपरा आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात सुरू केली आणि मुंबईतल्या रात्रशाळांनी कामगारांच्या पिढ्या शिकवल्या, पण तिथे रोज संध्याकाळी ठरल्या वेळी हजर राहावे लागते. ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते त्याला ते जमत नाही.

पुस्तकांबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण स्वतः शिकण्यासाठी म्हणूनच ती तयार केलेली आहेत. प्रत्येक पाठाच्या सुरुवातीला या पाठातून काय शिकायचे आहे ते दिलेले असते, दर दोन-तीन पानांनंतर छोटे प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे पाठाच्या शेवटी छापलेली असतात. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीने, जिचे लग्न सोळाव्या वर्षी झाले आणि जी कडेवरचे मूल झोपल्यावरच पुस्तक उघडू शकत होती, पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा ती म्हणाली, “ताई, उत्तरं मागं दिलीत, मग मी कोणाला विचारायला नको.” ती गृहविज्ञानाचा पाठ वाचायची, पेन्सिलने उत्तर लिहायची आणि लगेच पान उलटून ताडून बघायची. एका बैठकीत दोन पाठ होऊ लागले. तिच्या पुस्तकात बाळाच्या आहाराचा पाठ होता आणि त्यावर तिने माझ्याशी भांडून चर्चा केली, कारण लिहिलेले सर्व तिच्या स्वयंपाकघरात बसत नव्हते. सामाजिक शास्त्राचे पुस्तक मात्र असे एकट्याने वाचता येत नाही. त्याची भाषा जड आहे, वाक्ये लांब आहेत आणि दोन-तीन वर्षे वाचनाची सवय सुटलेल्या मुलाला पहिल्याच पाठात झोप येते. पुस्तकांच्या पीडीएफ संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, त्यामुळे छापील संच पोचायला उशीर झाला तरी अभ्यास अडू नये.

प्रत्यक्ष शिकवणे ही या सेवेची सर्वांत कच्ची बाजू आहे. प्रवेश घेताना विद्यार्थ्याला एक अभ्यास केंद्र मिळते, आणि तिथे सुट्टीच्या किंवा सोयीच्या वेळी संपर्क वर्ग व्हावेत अशी अपेक्षा असते. प्रत्येक विषयासाठी टीएमए म्हणजे घरी लिहून तपासायला द्यायचा स्वाध्याय असतो आणि अंतिम गुणांत त्याला २० टक्के वजन आहे. हा स्वाध्याय नीट तपासून, चुका दाखवून परत मिळाला तर मुलगा खरोखर शिकतो. मला ज्या केंद्रांचा अनुभव आला त्यांपैकी एकात संपर्क वर्ग कागदावर झाले आणि स्वाध्यायाची वही एकही खूण न करता परत आली. त्याच केंद्रात नियमात नसलेले पैसे ‘प्रक्रिये’साठी मागितले गेले आणि पालकांनी ते भीतीपोटी दिले. चांगली केंद्रेही आहेत, विशेषतः जिथे मुळातच तळमळीने चालवलेली शाळा आहे तिथे. पण कोणते केंद्र मिळेल यावर मुलाची दहावी अवलंबून राहणे योग्य नाही. यातूनच ‘नापास? हमखास पास’ अशा पाट्या लावणाऱ्या खासगी क्लासचा धंदा चालतो आणि मूळ शुल्काच्या कितीतरी पट पैसे गरीब घरांतून जातात. मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत आहे हे त्यांना तिथे कोणी सांगत नाही. परीक्षा शुल्क प्रवेश शुल्कापेक्षा वेगळे असते आणि ते विषयवार भरावे लागते, हेही आधीच समजून घ्यावे.

अर्ज ऑनलाइन आहे. सेतूत बसणाऱ्या माणसाला तो दहा मिनिटांचा वाटेल, पण ज्याच्या आधारवर एक नाव आणि जन्मदाखल्यावर दुसरे आहे त्याच्यासाठी तो महिन्याचा होतो. त्याहून मोठी अडचण मोबाइल क्रमांकाची. ओटीपी, हॉल तिकिटाची सूचना, स्वाध्यायाची मुदत, हे सर्व नोंदवलेल्या क्रमांकावर येते आणि स्थलांतर करणाऱ्या घरांत सिमकार्ड वर्षभरात बदलते. क्रमांक कुणा चुलत्याचा किंवा मुकादमाचा दिलेला असतो. परीक्षा चुकण्याचे हे कारण मी अभ्यास न होण्यापेक्षा जास्त वेळा पाहिले आहे. परीक्षा केंद्र घराजवळ मिळेलच असे नाही, म्हणून मुलींच्या बाबतीत बरोबर कोण जाणार हे आधी ठरवून ठेवावे लागते.

दिव्यांग मुलांसाठी ही संस्था खूप पूर्वीपासून इतर मंडळांच्या पुढे आहे. लेखनिक आणि जादा वेळ यांची सोय आहे आणि २०२१पासून भारतीय सांकेतिक भाषा हा दहावीचा भाषा विषय म्हणून घेता येतो. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचे शहरी, सुस्थितीतले पालक याचा चांगला लाभ घेतात. त्यांना चौकशी कुठे करायची हे माहीत असते. वस्तीतल्या कर्णबधिर मुलाच्या आईपर्यंत ही माहिती पोचत नाही आणि ती पोचवण्यासाठी संस्थेचा माणूस वस्तीत येत नाही.

माझे मत असे की, मुलाच्या पाठीशी अभ्यासिका, एखादी सामाजिक संस्था किंवा वेळ देणारा एक तरी शिक्षक असेल तर ही दहावी निःसंकोच घ्यावी. एकट्या मुलाला नुसता अर्ज भरून देऊन सोडून देऊ नये, त्याने त्याच्या पदरी आणखी एक अपयश येते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी मात्र मी ही सेवा आग्रहाने सुचवते, आणि त्याचे कारण वेळापत्रकात आहे. बीड, जालना, अहिल्यानगरकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. राज्य मंडळाची दहावी फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन गाळपात येते, तर एनआयओएसची एप्रिल-मेची परीक्षा बहुतेक घरे परतल्यावर होते. उन्हाळ्यात गावी आल्यावर प्रवेश घ्यावा, पावसाळ्याच्या चार महिन्यांत पुस्तके आणि स्वाध्याय उरकावेत, आणि परीक्षा पुढच्या एप्रिल-मेमध्ये द्यावी. लवकर लग्न लावून नवराबायकोचा एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी, करण्याच्या घाईत ज्या मुलींची शाळा सुटते, त्यांनाही हे वेळापत्रक झेपते. ऑक्टोबर-नोव्हेंबरची संधी मात्र त्यांनी गृहीत धरू नये, मजुरीची उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते आणि मुकादम थांबत नाही. परीक्षा शुल्क भरण्याची आणि स्वाध्याय जमा करण्याची मुदत हंगामाच्या मध्येच संपते, म्हणून या दोन कामांसाठी गावात मागे राहणारा एक भरवशाचा माणूस निघण्यापूर्वी ठरवावा आणि अर्जात त्याचाच मोबाइल क्रमांक द्यावा.