जुन्या नक्षीवरून भरतकाम करून देणाऱ्या काकू, मेन रोडमागे

मेन रोडच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर ही भरतकामाची खोली आहे. खाली पाटी नाही. जिन्याशी रफूवाले बसतात, त्यांना विचारलं की ते वर बोट दाखवतात. काकूंचं रोजचं काम ब्लाउजचे गळे आणि बाह्यांचं. मी घेऊन गेले होते एका जळक्या कापडाचं छायाचित्र.

ते कापड वेल्समधलं. लॅनगॉर्स तळ्यात १९८९ ते १९९३ या काळात उत्खनन झालं, त्यात गाळातून वर आलेलं. बारीक लिनन, त्यावर रेशमानं भरलेले वेलीतले पक्षी आणि सिंह. जळून काळं ठिक्कर पडलं आणि पाण्याखाली गेलं, म्हणूनच टिकलं. माझं माहेर येवल्याचं. वडिलांच्या मागावर पैठणीच्या पदरात मोर उतरताना बघत मी मोठी झाले, त्यामुळे या पक्ष्यांवरून नजर हटेना. त्यातली वीतभर पट्टी मला भरून हवी होती.

आधी दोन बुटिकमध्ये गेले होते. एकीनं मशीनवर करू म्हटलं, दुसरीनं त्यात जरतार घालू म्हटलं. काकूंनी छायाचित्र खिडकीशी नेलं आणि विचारलं, "ताई, हे जळलं कसं?"

मग मी तिथेच बसून सांगितलं. त्या तळ्याच्या भागात ब्रखेइनिओग नावाचं छोटं राज्य होतं, आपल्या दोन-तीन तालुक्यांएवढं. ब्रखन हा त्याचा मूळपुरुष, बाप आयरिश, अशी तिथली परंपरा. नवव्या शतकाच्या अखेरीला या राज्याला शेजारचे जोरावर राजपुत्र, रोद्रीचे मुलगे, छळत होते. म्हणून तिथला राजा एलिसेद इंग्रज राजा आल्फ्रेडच्या आश्रयाला गेला. आल्फ्रेडचा चरित्रकार ॲसर यानं ते ८९३ मध्ये लिहून ठेवलंय. त्याच सुमाराला तळ्यात, काठापासून चाळीसेक मीटरवर, दगड, फांद्या आणि ओकच्या फळ्या रचून बेट उभारलं गेलं. फळ्यांच्या लाकडातल्या वाढीच्या वर्तुळांवरून झाडं ८८९ ते ८९३ या काळात तोडलेली निघाली. असली बेटं आयर्लंड-स्कॉटलंडात पुष्कळ. वेल्समध्ये हे एकच माहीत आहे. आयरिश बापाची ती कथा मला इथे खरीखुरी वाटायला लागते.

आणि मग जून ९१६. एक मठाधिपती आपल्या सोबत्यांसह मारला गेला, आणि तीनच दिवसांत मर्सिया या इंग्रज राज्याच्या एथेलफ्लेडनं, म्हणजे आल्फ्रेडच्याच मुलीनं, फौज पाठवून तळ्यातलं ते ठाणं मोडलं. कापड जळलं ते त्यातच, असं मानतात. राणीसह चौतीस जणांना पकडून नेलं.

"राणीचं नाव?" काकूंनी विचारलं. या हल्ल्याची जी नोंद इंग्रजांनी ठेवली, तिच्यात ते नाही, फक्त 'राजाची बायको' आहे. कापड तिचंच होतं असं म्हणता येत नाही, पण ते त्याच बेटाचं आहे. काकू बराच वेळ गप्प होत्या.

रंगांवर आमचं अडलं. मला लाल-हिरवं हवं होतं. त्यांनी नकार दिला: "मूळचे रंग कळत नाहीत ना? मग आपण ठरवायचे नाहीत." सगळं बिनरंगाच्या रेशमानं, मोत्याच्या रंगाच्या लिननवर भरलं. उजेड तिरका पडला की पक्षी दिसतात, सरळ पडला की विरून जातात. मी रंगांचा हट्ट धरला असता तर हे गमावलं असतं. पहिल्यांदा त्यांच्या हातून आपल्या मळ्यातलं द्राक्षाचं पान उतरलं होतं. छायाचित्र पुन्हा पाहून त्यांनी स्वतःच ते उसवलं. मागची बाजूही पुढच्याइतकीच स्वच्छ, गाठ कुठे सापडत नाही.

मजुरी ३,२०० रुपये, कापड-रेशीम माझं. तीन आठवडे सांगितले होते, पाच लागले. लग्नसराईत जाऊ नका. फोन उचलत नाहीत, प्रत्यक्षच जावं लागतं, आणि जिना अरुंद आहे, गुडघे दुखणाऱ्यांना त्रासाचा. सिंहाची आयाळ मला अजून थोडी जाड वाटते. तेवढं एक सोडलं तर तक्रार नाही.

फ्रेम मात्र मी दुसरीकडे केली आणि पस्तावले. फ्रेमवाल्यांनी काच थेट कापडावर टेकवली. रेशीम दबलं, ओल धरायची भीती, म्हणून पुन्हा उघडून घ्यावी लागली. काच आणि कापड यांत बोटभर जागा ठेवायला आधीच सांगा.

त्या डोंगराळ भागातल्या राष्ट्रीय उद्यानानं २०२३ मध्ये इंग्रजी नाव सोडून बानाय ब्रखेइनिओग हे वेल्श नाव घेतलं. पट्टी आणायला गेले तेव्हा हे काकूंना सांगितलं. "म्हणजे राज्याचं नाव राहिलं," म्हणाल्या, आणि पट्टीच्या मागच्या कोपऱ्यात त्यांनी त्याच रेशमानं भरलेला एक छोटा मुकुट मला दाखवला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

छायाचित्र मोठं छापून न्या, मोबाइलवर दाखवू नका. दुपारी दोन ते चार बंद.