पानातल्या नेमक्या वाक्याला लिंक द्यायची, तर कशाने?

लांबलचक पान आहे आणि वाचकाला त्यातल्या एकाच परिच्छेदावर थेट न्यायचं आहे. त्यासाठी आयडी (पानाच्या कोडमध्ये एखाद्या जागेला दिलेलं नाव, जे पत्त्यात हॅशनंतर म्हणजे ‘#’ नंतर लिहितात), टेक्स्ट फ्रॅगमेंट आणि एक्सलिंक अशी तीन नावं समोर येतात. यातलं एक्सलिंक आधीच बाजूला काढलेलं बरं.

एक्सलिंक १.० ही लिंका कशा लिहाव्यात याबद्दलची, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची २००१ सालची शिफारस. एका लिंकला अनेक टोकं असावीत, लिंका मूळ दस्तऐवजाबाहेर वेगळ्या फाइलीत ठेवता याव्यात, म्हणजे दुसऱ्याच्या लेखाला हात न लावता त्यातल्या वाक्याला आपलं टिपण जोडता येईल, असा तो विचार. मला तो आजही मोलाचा वाटतो. पण फायरफॉक्सवाल्या मोझिलाने साध्या लिंकपुरता सपोर्ट दिला आणि अनेक टोकांची लिंक एकाही प्रमुख ब्राउझरने कधी चालवली नाही. दस्तऐवजातली नेमकी जागा सांगण्यासाठी सोबत आणलेल्या एक्सपॉइंटरची मुख्य पद्धतही मसुद्याच्या पुढे गेली नाही. एक्सलिंक तगलं ते एसव्हीजीत, म्हणजे वेबवरच्या रेखाचित्रांच्या फाइलींत. तिथेही एसव्हीजी २ ने लिंकचा पत्ता लिहायला ‘एक्सलिंक:एचरेफ’ऐवजी साधा ‘एचरेफ’ पुढे आणला आणि सफारी १२.१ पासून तो सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतो. जुन्या फाइलींतलं ‘एक्सलिंक:एचरेफ’ ब्राउझर अजून वाचतात, त्यामुळे त्या घाईने बदलू नका. नव्या कामात मात्र ते नको.

आयडी कुठल्याही ब्राउझरमध्ये चालतो. पान तुमचं असेल तर डोळे मिटून तोच घ्या. फक्त शीर्षकावरून आपोआप तयार होणाऱ्या आयडीवर विसंबू नका, कारण शीर्षक सुधारलं की जुन्या लिंका तुटतात. वर चिकटून राहणाऱ्या पट्टीखाली मजकूर झाकला जात असेल, तर पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमधलं ‘स्क्रोल-मार्जिन-टॉप’ वापरा.

अडचण येते ती दुसऱ्याच्या पानावर. तिथे हव्या त्या परिच्छेदाला आयडी नसेल तर तुमच्या हातात काही नाही. टेक्स्ट फ्रॅगमेंट ही कोंडी फोडतो. पत्त्यात हॅशनंतर कोलन, टिल्ड, कोलन (‘:~:’), मग ‘टेक्स्ट=’ आणि हवा तो मजकूर लिहिला, की ब्राउझर तो शोधून तिथे जातो आणि रंगवून दाखवतो. क्रोम ८० मध्ये हे २०२० साली आलं, सफारी १६.१ मध्ये २०२२ साली आणि फायरफॉक्स १३१ मध्ये २०२४ साली. म्हणजे अद्ययावत ब्राउझर असलेल्या वाचकाचा प्रश्न आता उरलेला नाही.

तरी काही गोष्टी आधी माहीत असाव्यात. मूळ मजकुरात एक शब्द बदलला तरी लिंक निकामी होते. पान उघडतं, पण वरून, आणि चूक झाल्याची कुठे सूचना नसते. मजकूर नंतर स्क्रिप्टने भरला जात असेल तर तो सापडेलच असं नाही. शब्द पूर्ण जुळावा लागतो, त्यामुळे ‘घर’ दिलं तर ‘घरात’ सापडत नाही. मराठीत जवळपास प्रत्येक नामाला प्रत्यय लागतो, म्हणून शब्द पानावर आहे तसाच उचला. शिवाय देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्राही त्यात आली, पत्त्यात टक्केचिन्हांसह नऊ चिन्हांचं होतं. अख्खं वाक्य दिलं तर पत्ता भलताच लांबतो. त्यापेक्षा सुरुवातीचे आणि शेवटचे दोन-तीन शब्द मध्ये स्वल्पविराम घालून द्या. मधला सगळा भाग ब्राउझर आपण होऊन धरतो. तेच शब्द पानावर अनेकदा येत असतील तर आधीचा किंवा नंतरचा संदर्भ जोडता येतो.

एवढं सगळं धरूनही दुसऱ्याच्या पानासाठी माझी पसंती टेक्स्ट फ्रॅगमेंटलाच आहे, पण एकट्याला नाही. जवळच्या शीर्षकाला आयडी असेल तर हॅशनंतर आधी तो लिहा आणि त्याला लागूनच कोलन-टिल्ड-कोलनचा भाग जोडा. मजकूर बदललेला असला, तरी वाचक निदान त्या विभागापाशी उतरतो.